अडीच फुटी पाऊल

मोजणीदारांना कचेरीत सगळे 'अडीचफुटे' म्हणायचे, आणि नव्याने रुजू झालेल्या माणसाला वाटायचं की हे कोणीतरी बुटके गृहस्थ असणार. प्रत्यक्षात दारातून आत येताना चौकट डोक्याला लागू नये म्हणून ते मान खाली घालायचे. नाव पडलं होतं ते त्यांच्या पावलामुळे. चौतीस वर्षं जमिनी मोजण्यात गेली आणि त्या सगळ्या वर्षांत त्यांचं पाऊल अडीच फुटांचं पडलं, चढावर असो की सपाटीवर, घाईत असो की आरामात. जमीन मोजायची साखळी यायला उशीर झाला की साहेब म्हणायचे, अडीचफुट्यांना चालू द्या. हे बांधावरून ताठ मानेने चालून यायचे, मनातल्या मनात गुणाकार करायचे आणि आकडा सांगायचे. मागाहून साखळी लावली तरी हातभराच्या पलीकडे फरक निघायचा नाही. माणसाला कसला ना कसला गर्व असतोच. कोणाला पोरांचा असतो, कोणाला घराचा, यांना पावलाचा होता.

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. पाऊल आता कोणाच्या कामाचं उरलं नव्हतं, पण टेकडी होती. गल्ली संपते तिथे दिव्याचा शेवटचा खांब, खांबापासून पायवाट सुरू. पाण्याच्या टाकीला वळसा घालून ती एका वळणाशी पोचते, वळणावर एक बसका दगड आहे, आणि तिथून उभा चढ थेट माथ्यापर्यंत. माथ्यावरून सगळं गाव दिसतं: नदीचा कोपर, दोन पूल, गोदामांची पत्र्याची छपरं, शाळेचं मैदान, आणि नीट पाहिलं तर यांच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीही. मोजणीदार हात पाठीशी बांधून उभे राहायचे आणि म्हणायचे, हे सगळं मी कागदावर काढलंय. त्यावर बायको विचारायची, मग त्यात आपली गच्ची कुठे आहे? इतक्या बारीकसारीक गोष्टी नकाशात येत नसतात, असं उत्तर ठरलेलं. हा विनोद तीस वर्षं जुना होता आणि दोघांपैकी कोणालाही त्याचा कंटाळा आला नव्हता.

चालायची रीतही ठरलेली. हे पुढे, ती मागे. बायको शिवणकाम करायची, दिवसभर मशीनवर बसून पाय आखडलेले, शिवाय उंचीने यांच्या खांद्यालाही न पोचणारी. हे बसक्या दगडावर जाऊन टेकायचे, घाम पुसायचे, आणि ती वळणावर दिसली की विचारायचे, "आलीस का?" ती म्हणायची, "तुम्ही निघा, मी येतेच." मग हे निघायचे. अलीकडे मात्र हे टेकेपर्यंत ती हजर व्हायची. अधूनमधून चपलेतला खडा काढायला म्हणून ती थांबायची, नाहीतर खांद्याला खांदा लावून आली असती. मोजणीदार मनातून खूश होते. इतक्या वर्षांनी का होईना, बायकोची चाल सुधारली, आणि ती आपल्यामुळेच सुधारली, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

तर एके दिवशी नगरपालिकेचा कारकून घरी आला. टेकडीच्या पायथ्याशी पाटी लावायची होती, माथा इतका इतका लांब अशी, म्हणजे नव्या माणसाला अंदाज येईल. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की हा आकडा गावात एकाच माणसाकडे मिळेल. मोजणीदारांनी खुर्चीत बसल्या बसल्याच सांगितलं: खांबापासून माथ्याच्या दगडापर्यंत दोन हजार तीनशे चाळीस पावलं, म्हणजे पाच हजार आठशे पन्नास फूट. कारकून लिहून घ्यायला लागला तेव्हा त्यांनी त्याला थांबवलं. आकडा वीस वर्षांपूर्वीचा होता, पाटीवर जायचा म्हणजे ताजा हवा. उद्या पुन्हा मोजतो आणि सहीनिशी देतो, असं त्यांनी कबूल केलं. पाटी चौकातल्या रंगाऱ्याकडे गेलेलीच होती. आठवडाभरात आकडा मिळाला की झालं, असं म्हणून कारकून गेला.

दुसऱ्या दिवशी पावलं भरली दोन हजार आठशे एकाहत्तर.

मोजणीदार माथ्यावर उभे राहिले आणि गावाकडे न बघता आपल्या बुटांकडे बघत बसले. पाचशेच्या वर फरक. हातभर नाही, दोन हात नाही, अख्खी दोन शेतं मावतील एवढा. त्यांनी बायकोवर खापर फोडलं. वाटेत तिने शेजारच्या लग्नातल्या ब्लाउजांची गोष्ट काढली होती, त्यात मोजणी चुकली, दुसरं काय. ती म्हणाली बरं, उद्या तोंड उघडत नाही. आणि खरंच उघडलं नाही. त्या दिवशी दोन हजार नऊशे आठ झाली.

आता मात्र मोजणीदारांचं डोकं गरगरायला लागलं. गप्प राहिल्याने टेकडी वाढते, असं तर कुठे लिहिलेलं नव्हतं. ते दुपारी उन्हातच खांब तपासायला गेले. वीजवाल्यांनी खांब मागे सरकवला असेल, अशी त्यांना जवळजवळ खात्रीच होती. पण खांबाच्या बुडाशी जुनं सिमेंट तसंच होतं, त्यावर शेवाळ होतं, आणि शेवाळाच्या वर कोणीतरी कोणे एके काळी कोरलेलं बदामाचं चित्र. मग त्यांनी माथ्यावरच्या दगडाचा संशय घेतला. तो दगड हत्तीएवढा. तो कोणी हलवला असता तर पेपरात आलं असतं. मग पायवाटच वाकडीतिकडी झाली असेल, पाण्याने धुपून तिने नवे आळोखेपिळोखे घेतले असतील, म्हणून ते वळण न् वळण बघून आले. वाट होती तशीच होती.

राहता राहिलं त्यांचं डोकं. ही शंका त्यांना खांबाच्या आधीच आली होती, फक्त तिला त्यांनी दारात उभं करून ठेवलं होतं. त्यांचे थोरले भाऊ शेवटची दोन वर्षं एकच प्रश्न दिवसातून चाळीस वेळा विचारायचे, आज वार कोणता. तेही सुरुवातीला असंच एखाददुसरं चुकायचे. आपण शंभरानंतर परत शंभर म्हणतोय का? सातशे दोनदा येतंय का? चौतीस वर्षं ज्याने लोकांना तुमची हद्द इथे संपते असं छातीठोक सांगितलं, त्याला आता अंकांच्या मागे धावून ते आठवावे लागणार का? मोजणीदार घाबरले. त्यांनी ते बायकोला सांगितलं नाही, पण जेवताना दोनदा विचारलं की आज वार कोणता, म्हणजे तिच्या चेहऱ्यावर काही दिसतं का ते कळेल. तिने दोन्ही वेळा गुरुवार सांगितला आणि वाढत राहिली.

त्यावर त्यांनी तोडगा काढला. खिशात बटणं ठेवायची, दर शंभर पावलांना एक बटण डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकायचं. आठवणीवर विसंबायचंच नाही. त्यांनी बायकोकडे पंचवीस बटणं मागितली. तिने बटणांचा डबा उघडला, एकसारखी पांढरी बटणं वेचली आणि यांच्या तळहातावर मोजून तीस ठेवली. हे म्हणाले, पंचवीस पुरे. ती म्हणाली, असू द्या, उरली तर परत आणा.

शुक्रवारी सकाळी उजव्या खिशात एकोणतीस बटणं जमली आणि वर पंचवीस पावलं. दोन हजार नऊशे पंचवीस. बटणं खोटं बोलत नव्हती. डोकं शाबूत होतं म्हणून त्यांना क्षणभर हायसं वाटलं, आणि लगेच वाटलं की मग हे आहे तरी काय. गुणाकार केला तर सात हजार तीनशे बारा फूट येत होते, वर अर्धा. टेकडी दीड हजार फुटांनी वाढली होती आणि गावात कोणाला पत्ता नव्हता.

रंगारी चौकात पाटी टेकवून बसला होता. निळी पाटी, पांढरी अक्षरं, 'टेकडीमाथा' आणि 'फूट' यांच्या मधे एक रिकामी जागा. मोजणीदार समोरून जाताना तो कुंचला वर धरून दाखवायचा. एकदा त्यांनी रस्ता बदलला. गावाला ज्यांनी रस्ते आखून दिले त्यांनी रंगाऱ्याला चुकवण्यासाठी मागल्या बोळातून जावं, याची त्यांना लाज वाटली. परत येताना मोच्याकडे दुरुस्तीला टाकलेले बूट घेतले. उजव्या बुटाचं नाक पुन्हा घासलं होतं, तीन महिन्यांत दुसऱ्यांदा. मोच्याला त्यांनी झापलं की कातडं हलकं वापरतोस.

शेवटी त्यांनी साखळीवाल्याला निरोप पाठवला. हा त्यांच्या हाताखाली सव्वीस वर्षं साखळीचं दुसरं टोक धरून चाललेला माणूस, आता मुलाच्या सायकलच्या दुकानात बसतो. शनिवारी आठ वाजता तो शंभर फुटी पोलादी फीत खांद्याला अडकवून खांबापाशी उभा होता. मोजणीदार सकाळचं फिरणं बायकोबरोबर आटोपून, तिला घरी सोडून, पुन्हा आले होते. साहेबांनी बोलावलं म्हणजे मोजायचं, साखळीवाल्याला एवढं पुरेसं होतं.

तो फितीचं टोक घेऊन पुढे, खिळा ठोकायचा, ओरडायचा, हे मागून येऊन खिळा काढायचे. कामाची लय बसली तसं मोजणीदारांना बरं वाटायला लागलं. दहा फिती झाल्या, वीस झाल्या. साखळीवाला मात्र आज जमिनीकडे जरा जास्तच बघत होता. पायवाटेवर मऊ धूळ होती आणि त्या सकाळी या बाजूने दुसरं कोणी आलेलं नव्हतं. वळणाच्या अलीकडे तो एकदा उकिडवा बसला आणि नुसताच धूळ निरखत राहिला. हे म्हणाले, काय रे, खिळा पडला का? तो म्हणाला, नाही, नाही, आणि उठला.

माथ्याच्या दगडाला फीत टेकली तेव्हा अठ्ठावन्न फिती झाल्या होत्या आणि वर पन्नास फूट. पाच हजार आठशे पन्नास. वीस वर्षांपूर्वी होता तोच आकडा, इंचाने कमी नाही की जास्त नाही.

मोजणीदार दगडाला टेकून उभे राहिले. खाली गाव रोजच्यासारखं पसरलं होतं. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, खांब, दगड, वाट, डोकं, बटणं. सगळं बरोबर आहे, मग चुकतंय कुठे, असं विचारलं, आणि विचारताना त्यांचा आवाज नको तितका चढला. साखळीवाला फीत गुंडाळत होता. ती पूर्ण गुंडाळून त्याने खांद्याला अडकवली.

"साहेब, मी कामावर आलो त्या पहिल्याच दिवशी तुम्ही मला काय शिकवलं होतं?"

"काय शिकवलं होतं?"

"शेत वाढलेलं दिसलं तर शेतकऱ्याला चोर म्हणायचं नाही. आधी साखळी बघायची. कड्या वाकल्या की साखळी आखूड होते, मग ती जास्त वेळा टाकावी लागते, आणि शेत कागदावर वाढतं."

हे वाक्य मोजणीदारांचंच होतं. त्यांनी ते डझनावारी पोरांना शिकवलं होतं, आणि विसरणाऱ्यांना उन्हात उभं केलं होतं.

"माझं पाऊल आखूड झालं म्हणतोस?"

"मी काही म्हणत नाही. धूळ म्हणते."

हे चिडले. आखूड झालं असतं तर कळलं नसतं का? रोज बायको मागे असते, तिच्या पुढेच असतो मी, आणि ती काही लहान मुलासारखी रांगत येत नाही, उलट तिची चाल सुधारली आहे. साखळीवाल्याने मान हलवली, हो म्हटलं, आणि उतरताना वळणाच्या अलीकडे त्यांना हाताला धरून थांबवलं.

आत्ताच्या ठशांच्या कडेला धुळीत सकाळच्या दोन माणसांचे ठसे अजून स्पष्ट होते. मोजणीदारांनी आयुष्यभर जमीन वाचली होती, त्यामुळे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. बुटांचे ठसे जवळजवळ पडलेले, आणि उजव्या बुटाच्या पुढे दर पावलाला एक ओढलेली रेघ. हे इतकं तरी ते पचवू शकले असते. पण मागून आलेल्या चपलांचे ठसे होते, आणि दर पंधरावीस पावलांना त्या चपला एकमेकींशेजारी थांबल्या होत्या. सरळ, नीट जुळलेल्या, टाचा खोल रुतलेल्या. चपलेतला खडा काढणारा माणूस एका पायावर उभा राहतो. इथे दोन्ही पाय जमिनीवर होते. एका ठिकाणी तर ती इतका वेळ उभी राहिली होती की पायांची चुळबुळ दिसत होती.

"वहिनी थांबून थांबून चालतायत, साहेब," साखळीवाला म्हणाला. "तुम्ही पुढे राहावं म्हणून."

घरी आले तेव्हा ती मशीनवर होती. एका निळ्या कापडाला अस्तर लावणं चाललं होतं. मोजणीदार दारात उभे राहिले. काय विचारायचं हे वाटेत दहा वेळा ठरवलं होतं, आणि दहाही वेळा वेगळं. रागवायचं होतं, पण कोणावर, हेच ठरत नव्हतं. मग खिशात हात गेला आणि बटणं लागली.

"पंचवीस मागितली होती. तू तीस का दिलीस?"

मशीन थोडा वेळ चालत राहिली. मग तिने चाकावर हात ठेवून ती थांबवली.

"कारण पंचवीस पुरली नसती."

ती गेल्या थंडीच्या आधीपासून मोजत होती. मागून चालणाऱ्याला दुसरं काय काम असतं, असं ती म्हणाली. आधी तिला वाटलं यांचा गुडघा दुखत असेल. मग बुटाचं नाक घासायला लागलं. मग डायरीतलं अक्षर बारीक होत गेलं, इतकं की वाणसामानाची यादी तिला भिंगाखाली धरावी लागायची, आणि हे पेनाला नावं ठेवायचे. तिने डॉक्टरांकडे तीनदा वेळ घेतली होती आणि तिन्ही वेळा रद्द केली होती.

"का रद्द केलीस?"

"काय सांगून नेणार होते तुम्हाला? की तुमचं पाऊल चुकतंय?" ती अस्तराची घडी घालायला लागली. "मला ते तोंडाने म्हणवेना."

मोजणीदार खुर्चीत बसले. त्यांना लाज वाटली, भीती वाटली, आणि या दोन्हीच्या वर, का कोण जाणे, खूप प्रेमही वाटलं, आणि यातलं कोणतं आधी दाखवायचं हे न कळल्यामुळे ते म्हणाले की चहा हवा. तिने चहा केला. त्यांनी कप उचलला तेव्हा बशीत थोडा सांडला. दोघांनीही त्याकडे पाहिलं, आणि तिने फडक्याने पुसून घेतलं.

मंगळवारी ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी त्यांना दवाखान्याच्या व्हरांड्यात चारदा इकडून तिकडे चालायला लावलं, कागदावर नाव लिहायला लावलं, बोटांच्या चिमटीची उघडझाप करायला लावली. मग बराच वेळ समजावून सांगितलं. त्यातलं अर्धं मोजणीदारांच्या डोक्यावरून गेलं. इतकं कळलं की हे दुखणं आजचं नाही, जाणारही नाही, गोळ्यांनी आवरेल, आणि चालणं मात्र सोडायचं नाही. टेकडी चालेल का, असं बायकोने विचारलं. सोबत कोणी असेल तर चालेल, डॉक्टर म्हणाले.

रंगाऱ्याकडे ते चौकातूनच गेले. आकडा चिठ्ठीवर लिहून नेला होता. रंगाऱ्याने चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, आणि म्हणाला, काका, हे मुंगीने लिहिलंय का? बायकोने त्याच्या हातातून खडू घेतला आणि दुकानाच्या फळीवर हाताएवढे मोठे आकडे काढले, पाच आठ पाच शून्य. मोजणीदारांनी मान डोलावली. आकडा बरोबर होता, मग लिहिणारा कोण का असेना. रात्री त्यांनी डायरीत जुन्या नोंदीखाली भागाकार मांडला. पाच हजार आठशे पन्नास भागिले दोन हजार नऊशे पंचवीस, बरोबर दोन. साखळी आखूड झाली म्हणून कोणी ती फेकून देत नाही, तिची तूट लिहून ठेवतात आणि पुढच्या कामाला लागतात. त्यांनी तूट लिहिली: पाऊल, दोन फूट. अक्षर बारीकच आलं. त्यांनी ते खोडून मोठं लिहायचा प्रयत्न केला आणि पुन्हा बारीक आलं.

बुधवारी सकाळी खांबापाशी पोचल्यावर मोजणीदार बाजूला झाले.

"तू पुढे हो."

"चला ना दोघं."

"नाही. तुझ्या चालीने जा. मधे थांबलीस तर मला धुळीत कळतं."

ती क्षणभर घुटमळली, चपलेकडे पाहिलं, आणि निघाली.

तीस वर्षांत त्यांनी तिला चढताना कधी मागून पाहिलंच नव्हतं. ती कायम मागे असायची. आता ती पाण्याच्या टाकीपर्यंत जाईतो त्यांना कळलं की ही बाई भरभर चालते. पावलं लहान, पण झपझप, हात कोपरात वाकवलेले, पदर कमरेला खोचलेला, आणि डोकं पुढे काढलेलं, बाजारात भाव पडलेले असताना चालावं तसं. किती वर्षं ती अशी चालत होती आणि किती महिने हे तिने आवरून धरलं होतं, याचा हिशोब मांडायला ते लागले आणि मांडता मांडता उजवा पाय कुठे पडतोय याचा त्यांना विसर पडला. बुटाने धुळीत रेघ ओढली. ते थांबले, पाय उचलून नीट टाकला, आणि पुन्हा निघाले. वळण येईपर्यंत ती दिसेनाशी झाली होती.

वळणावर ती बसक्या दगडावर बसली होती. घाम पुसून झालेला, पाय हलवत, खालच्या गावाकडे तोंड. त्यांच्या बुटांचा आवाज आला तशी तिने वळून पाहिलं. तिचा चेहरा रडवेला झाला होता, पण आवाज नीट होता.

"आलात का?" तिने विचारलं.

मोजणीदार दम घेत उभे राहिले. शेजारी बसायला जागा होती, आणि पाय बस म्हणत होते.

"तू नीघ," ते म्हणाले, "मी येतोच."